एका विशेषणाची कुळकथा

इंग्रजी वाचताना तुम्हांला एक विशेषण अधूनमधून भेटते. ते विशेषण म्हणजे 'एक्स्क्विझिट'. लिहायला अवघड आणि उच्चारायला त्याहून अवघड! शब्दकोश उघडला की पहिला अर्थ सापडतो : 'अतिशय सुंदर, उत्कृष्ट'. आपण तो वहीत उतरवून घेतो आणि पुढे जातो. पुढे कुठेतरी 'एक्स्क्विझिट पेन' असे दोन शब्द येतात. इथे पेन म्हणजे लेखणी नव्हे. इथे पेन म्हणजे वेदना. आता वहीतला अर्थ लावून पाहा. 'अतिशय सुंदर वेदना'! दुखणे कधी सुंदर असते का? वाक्य तिथेच लंगडे पडते.

यात शब्दकोशाची चूक नाही. चूक आहे ती एका शब्दाला एकच अर्थ चिकटवण्याच्या सवयीची. शब्दाचा अर्थ नीट कळायचा असेल, तर तो कुठून आला, वाटेत त्याला कोण कोण भेटले आणि त्याचे काय काय झाले, हे पाहावे लागते. या एका विशेषणाची कुळकथा आज आपण पाहू. ती पाहता पाहता उर्दू आणि मराठी या आपल्या दोन भाषांचीही थोडी ओळख नव्याने होईल.

'एक्स्क्विझिट' हा शब्द इंग्रजीने लॅटिन भाषेकडून घेतला. लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. उर्दूचे अरबीशी जसे नाते आहे, काहीसे तसेच इंग्रजीचे लॅटिनशी आहे. उर्दू ही काही अरबीची मुलगी नव्हे; पण धर्म, विद्या, कायदा यांसाठी लागणारे हजारो शब्द तिने अरबीकडून घेतले. इंग्रजीनेही लॅटिनकडून तसेच घेतले. लॅटिनमध्ये 'क्वाएरेरे' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ शोधणे, विचारणे. 'एक्स' हा उपसर्ग आहे. त्याचा अर्थ 'बाहेर'. हे दोन्ही जोडले की 'एक्स्क्विरेरे' हे क्रियापद तयार होते. त्याचा अर्थ कसून शोधणे, शोधून बाहेर काढणे. यावरून 'कसून शोधून काढलेला' या अर्थाचे जे रूप बनले, तेच इंग्रजीत 'एक्स्क्विझिट' झाले.

म्हणजे पाहा, या शब्दाच्या मुळाशी सौंदर्य नाही, नाजूकपणा नाही, किंमतही नाही. मुळाशी आहे तो शोध. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे अर्थ त्यातूनच फुटले आहेत.

या शोधाचे कुटुंब मोठे आहे आणि त्यातली बरीच मंडळी तुमच्या ओळखीची आहेत. परीक्षेत येणारे 'क्वेश्चन' म्हणजे प्रश्न. तो याच मुळाचा. रेल्वे स्थानकावर 'एन्क्वायरी' अशी पाटी असते. एस.टी. स्थानकावर त्याच खिडकीला 'चौकशी' म्हणतात आणि उर्दूत आपण 'पूछताछ' म्हणतो. तो शब्दही याच कुटुंबातला. अर्जात आपण 'रिक्वेस्ट' करतो, म्हणजे विनंती करतो. विनंती हीसुद्धा काहीतरी मागणे, विचारणेच आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'रिक्वायर्ड' असते, म्हणजे 'पाहिजे'. 'अक्वायर' म्हणजे मिळवणे आणि 'कॉन्कर' म्हणजे जिंकून घेणे. विचारणारा, मागणारा, मिळवणारा आणि जिंकणारा हे सारे एकाच घरातले भाऊ आहेत. 'एक्स्क्विझिट' हा त्यांच्यातला जरा नटूनथटून बसलेला भाऊ, म्हणून तो पटकन ओळखू येत नाही.

हा शब्द पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ मुळाला धरूनच होता : 'काळजीपूर्वक निवडलेला', 'नेमका', 'खोल विचार करून काढलेला'. शेक्सपिअरचे 'ट्वेल्फ्थ नाइट' नावाचे एक विनोदी नाटक आहे. त्यात सर अँड्र्यू नावाचा एक बावळट सरदार काहीतरी बोलून जातो आणि त्याचा मित्र त्याला चिडवत त्यामागचे 'एक्स्क्विझिट' कारण विचारतो. तिथे 'सुंदर कारण' असा अर्थ नाही. 'एवढे डोके चालवून शोधलेले तुझे कारण तरी कोणते?' असा त्यातला खोचक भाव आहे. मुळातला अर्थ कळला नाही, तर विनोदही कळत नाही.

पुढे सोळाव्या शतकात अर्थ हळूहळू सरकू लागला. ते स्वाभाविकच होते. आपण कसून शोध केव्हा घेतो? वस्तू साधी असेल तर समोर दिसेल ती उचलतो. उत्तम हवी असेल तरच शोधतो, पारखतो, नको ते बाजूला सारतो. म्हणून 'शोधून आणलेली' वस्तू म्हणजे 'उत्तम' वस्तू, असे समीकरण लोकांच्या मनात जुळत गेले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश 1755 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाच्या अर्थांत 'दुरून शोधून आणलेला' आणि 'उत्कृष्ट' हे दोन्ही शेजारी शेजारी दिलेले आहेत. जुना अर्थ अजून गेला नव्हता आणि नवा येऊन बसला होता.

फ्रेंच भाषेतही असेच घडले. तिथे शोधणे या अर्थाच्या क्रियापदावरून 'रशेर्शे' हे विशेषण झाले. त्याचा अर्थ शब्दशः 'शोधलेला', पण ते वापरतात दुर्मीळ आणि निवडक वस्तूंसाठी. इंग्रजीतला 'रिसर्च' हा शब्द त्याचा भाऊबंद. संशोधन आणि सौंदर्य यांचे असे जवळचे नाते आहे.

आता आपल्या घरात डोकावू. आई सुपात तांदूळ घेऊन बसते आणि खडे, कोंडा बाजूला काढते. याला मराठीत 'निवडणे' म्हणतात. यावरूनच 'निवडक' हे विशेषण झाले. 'निवडक कविता' म्हणजे पुष्कळ कवितांतून वेचून काढलेल्या चांगल्या कविता. यावरूनच 'निवडणूक' हा शब्दही झाला. उर्दूत कवितांच्या अशा संग्रहाला 'इंतिखाब' म्हणतात आणि मतदान करून प्रतिनिधी निवडतात त्यालाही 'इंतिखाब'च म्हणतात. गंमत म्हणजे इंग्रजीतही तसेच आहे. 'एलिगंट' म्हणजे डौलदार, सुरेख. आणि 'इलेक्शन' म्हणजे निवडणूक. हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'निवडून काढणे' या एकाच कल्पनेतून आले आहेत. हजारो मैल दूर असलेल्या भाषांना एकच गोष्ट सुचली : जे निवडून घेतले ते चांगले.

कोणाची खूप स्तुती करायची असेल तर मराठी माणूस म्हणतो, 'असा माणूस शोधून सापडणार नाही.' आपल्या घरी उर्दूत म्हणतात, 'चिराग लेकर ढूँढो तो भी न मिले.' हा तर 'एक्स्क्विझिट'चाच मूळ अर्थ झाला! जे दिवा घेऊन शोधावे लागते ते 'एक्स्क्विझिट'.

मराठीतला 'शोध' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृतमध्ये त्याचा अर्थ शुद्ध करणे, स्वच्छ करणे असा होता. 'शुद्ध', 'शोधन' हे त्याच धातूचे शब्द. मराठीत मात्र 'शोध' म्हणजे हुडकणे. यात विसंगती वाटते, पण तांदळाचे सूप आठवा. खडा शोधून काढला की तांदूळ आपोआप शुद्ध होतो. शोधणे आणि शुद्ध करणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. लॅटिन शब्द शोधापासून निघाला आणि शुद्ध, घोटीव सौंदर्यापर्यंत पोहोचला. आपला शब्द शुद्धीपासून निघाला आणि शोधापर्यंत आला. वाट एकच, फक्त दिशा उलट.

उर्दूत 'एक्स्क्विझिट'च्या सर्वांत जवळचा शब्द कोणता, असे विचारले तर तुम्ही लगेच सांगाल : 'नफीस'. नफीस कपडा, नफीस लिखाई, नफीस मिजाज. हा शब्द अरबी आहे. 'नफ्स' म्हणजे जीव, स्वतः. ज्या वस्तूवर जीव जडतो, जी मिळवण्यासाठी माणसे एकमेकांशी चढाओढ करतात, ती वस्तू नफीस. अरबीत चढाओढीला 'तनाफुस' म्हणतात. तो शब्द याच धातूचा आहे. लॅटिन शब्दाने शोधणाऱ्याची मेहनत पाहिली, अरबी शब्दाने त्याच्या मनातली ओढ पाहिली. दोन्ही शब्द वस्तूची किंमत सांगतात, पण ती वस्तूकडे पाहून नव्हे, तर माणसाकडे पाहून सांगतात.

तर मग जे जे सुंदर ते सारे 'एक्स्क्विझिट' म्हणावे काय? नाही. इथे थोडे थांबले पाहिजे. विजापूर, म्हणजे आताचे विजयपुरा, इथे आदिलशाही काळातल्या दोन प्रसिद्ध इमारती आहेत. एक मुहम्मद आदिलशहाची कबर असलेला गोल घुमट. दुसरी इब्राहिम आदिलशहा दुसरा याची कबर असलेला इब्राहिम रोजा. गोल घुमट पाहताना मान वर करावी लागते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. एवढा मोठा घुमट आणि त्याखाली आधाराला एकही खांब नाही! त्याला आपण 'भव्य' म्हणू, उर्दूत 'अजीमुश्शान' म्हणू. इंग्रज माणूसही त्याला 'ग्रँड' म्हणेल, 'एक्स्क्विझिट' म्हणणार नाही. इब्राहिम रोजात मात्र उलटे होते. तिथल्या खिडक्यांत दगडाची जाळी आहे आणि त्या जाळीत अक्षरे कोरलेली आहेत. ती पाहायला मान वर करून भागत नाही. जवळ जावे लागते, डोळे बारीक करावे लागतात. कारागिराची छिन्नी कुठे वळली आणि कुठे थांबली, ते पाहावे लागते. ही जाळी 'एक्स्क्विझिट'.

म्हणून हे विशेषण डोंगराला, समुद्राला, वादळाला सहसा लावत नाहीत. ते लावतात अत्तराच्या कुपीला, जरीच्या बुट्टीला, सुलेखनाच्या एका वळणाला, चिनी मातीच्या पातळ पेल्याला. जिथे बारकावा आहे आणि त्या बारकाव्यामागे कोणाची तरी मेहनत आहे, तिथे हा शब्द शोभतो. निसर्गातही तो फुलपाखराच्या पंखाला चालतो, कारण तिथेही कोणीतरी निगुतीने काम केल्यासारखे वाटते.

मेहनत आणि शोध म्हणजे काय, ते बिदरी कामात चांगले दिसते. बिदर शहरातली ही जुनी कला. जस्तात थोडे तांबे मिसळून सुरई, डबी किंवा तबक ओततात. ते घासून गुळगुळीत करतात. मग बारीक छिन्नीने त्यावर वेलबुट्टी कोरतात आणि कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. या वेळेपर्यंत चांदी आणि जस्त जवळजवळ सारखेच दिसतात, नक्षी नीट उठून दिसत नाही. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणून, तिच्यात नवसागर, म्हणजे ज्याला आपण 'नौशादर' म्हणतो तो, मिसळून पाण्याबरोबर तापवतात आणि भांडे त्यात घालतात. जस्ताची धातू काळीभोर होते, चांदी मात्र पांढरीच राहते. काळ्या रात्रीत तारे उगवावेत तशी नक्षी प्रकट होते. पण कोणतीही माती चालत नाही. ज्या मातीला वर्षानुवर्षे ऊनपाऊस लागलेला नाही, तीच कामाची. ती ओळखण्यासाठी जुने कारागीर माती जिभेवर ठेवून चव घेतात. 'कसून शोधणे' म्हणतात ते हे. दुकानात मांडलेल्या त्या सुरईला कोणी 'एक्स्क्विझिट' म्हटले, तर मातीची चव घेणारा तो कारागीरही त्या शब्दात आला पाहिजे.

आता आपण सुरुवातीच्या अडचणीकडे वळू. 'एक्स्क्विझिट पेन' म्हणजे काय?

सोनाराचा तराजू डोळ्यांसमोर आणा. धान्याच्या वखारीतल्या काट्याला मूठभर दाण्यांनी फरक पडत नाही. सोनाराच्या तराजूला गुंजभर वजनही कळते. माणसाचेही तसेच असते. एखाद्या उस्तादाचा कान इतका तयार असतो की, सतारीची तार केसभर उतरली तरी त्याला कळते. अशा तीक्ष्ण जाणिवेलाही इंग्रजीत 'एक्स्क्विझिट' म्हणू लागले. एकदा हा शब्द जाणिवेला लागला, की जाणिवेतून येणाऱ्या सुखालाही लागणार आणि दुःखालाही लागणार. ज्याचा कान नाजूक त्याला सुरेल गाण्याचा आनंद जास्त, आणि बेसूर गाण्याचा त्रासही जास्त! म्हणून 'एक्स्क्विझिट' आनंद म्हणजे उत्कट आनंद आणि 'एक्स्क्विझिट' वेदना म्हणजे तीव्र, असह्य वेदना. जॉन्सन यांच्या कोशात या शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे : 'पराकोटीचा वाईट'. म्हणजे टोकाला पोहोचणे हे महत्त्वाचे. ते टोक गोड की कडू, हे पुढचा शब्द ठरवणार.

डॉक्टरांच्या इंग्रजीत हा अर्थ आजही जिवंत आहे. त्यांच्या टिपणात कधी कधी 'एक्स्क्विझिट टेंडरनेस' असे लिहिलेले असते. 'टेंडर' म्हणजे कोमल, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग कोणी याचे भाषांतर 'अप्रतिम कोमलता' असे करील, आणि रुग्णाच्या घरचे लोक निर्धास्त होतील. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांचा अर्थ असा : दुखऱ्या जागेला नुसते बोट लागले तरी रुग्ण कळवळतो. संधिवाताच्या एका प्रकारात पायाचा अंगठा असा सुजतो की, अंगावरच्या चादरीचे वजनही त्याला सोसत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी वाचणारे तुम्हीच असता. शेजारची खाला किंवा आजी दवाखान्याचा कागद तुमच्याच हातात देते आणि विचारते, 'बेटा, इस में क्या लिखा है?' अशा वेळी अर्धवट माहीत असलेला अर्थ ठामपणे सांगणे हे अर्थ माहीत नसण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. कळत नसेल तर डॉक्टरांनाच पुन्हा विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

या शब्दाच्या आयुष्यात एक विनोदी प्रकरणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये छानछोकीने राहणाऱ्या तरुणांचे पेव फुटले होते. गळ्यातल्या रुमालाची गाठ मनासारखी बसेपर्यंत ते आरशापुढून हलत नसत. जॉर्ज ब्रमेल हा त्यांचा मुकुटमणी. खुद्द युवराज त्याच्या पोशाखाचे अनुकरण करी. पुढे कर्ज इतके झाले की, 1816 साली त्याला इंग्लंड सोडून फ्रान्सला पळून जावे लागले. तिथेच 1840 साली हलाखीत त्याचा अंत झाला. अशा नटव्या तरुणाला त्या काळी लोक 'एक्स्क्विझिट' म्हणू लागले. विशेषणाचे नाम झाले, आणि स्तुतीची टवाळी झाली. लखनौच्या 'बाँक्यां'च्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मराठीत अशा माणसाला 'छैलछबिला' म्हणतात. हा अर्थ आता जुन्या पुस्तकांतच राहिला आहे. पण तो एक गोष्ट शिकवून जातो. शोध संपला आणि नुसता दिखावा उरला, की लोक त्याच शब्दाने हसू लागतात.

आता या शब्दाला मराठीत काय म्हणावे? एक शब्द पुरणार नाही. कारागिरीबद्दल बोलायचे असेल तर 'सुबक' किंवा 'रेखीव' म्हणावे. मऊ, झिरझिरीत कापडाला 'तलम' म्हणावे. दागिन्याला 'नाजूक' म्हणावे. स्वयंपाकाला 'रुचकर' म्हणावे. वागण्याला 'अदबशीर' म्हणावे. एखाद्याची आवडनिवड उंची असेल तर तो 'चोखंदळ' आहे असे म्हणावे. 'चोख' म्हणजे अस्सल, आणि चोखंदळ म्हणजे अस्सल तेवढेच पारखून घेणारा. आनंदाला 'उत्कट' म्हणावे आणि वेदनेला 'तीव्र'. साधारण सर्वत्र चालणारा शब्द 'उत्कृष्ट' आहे. तो संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'वर ओढून काढलेला' असा आहे. लॅटिन शब्द 'बाहेर काढलेला' आणि संस्कृत शब्द 'वर काढलेला'. पुष्कळांतून एकाला वेगळे करण्याचीच ही दोन चित्रे आहेत.

या यादीत तुमच्या ओळखीचे चेहरेही दिसले असतील. 'नाजूक' आणि 'सुबक' हे शब्द फारसीतून मराठीत आले. उर्दूत 'सुबुक' म्हणजे हलका, नाजूक. मराठीत 'सुबक' म्हणजे नीटस, घाटदार. 'अदबशीर' यातला 'अदब' अरबी आहे. म्हणजे उत्तम कारागिरीचे वर्णन करताना मराठी माणूस जे शब्द वापरतो, त्यांतले काही तुमच्या घरचेच आहेत. मराठी परकी वाटली की ही गोष्ट आठवा. मात्र एक सावधगिरी ठेवा. शब्द तोच असला तरी अर्थ कधी कधी थोडा सरकलेला असतो. उर्दूतला 'सुबुक' वजन सांगतो, मराठीतला 'सुबक' घडण सांगतो. ओळखीचा शब्द दिसला तरी वाक्य पाहूनच अर्थ घ्यावा.

शेवटी एक धोका. चांगले शब्द फार वापरले की झिजतात. नाण्यावरचा छाप जसा हाताळून पुसट होतो, तसा त्यांचा अर्थ पुसट होतो. इंग्रजीतला 'नाइस' हा शब्द पाहा. लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ 'अज्ञानी' असा होता. इंग्रजीत आधी तो 'मूर्ख' या अर्थाने वापरला जाई. पुढे तो 'चोखंदळ', 'काटेकोर' झाला. आज तो कशालाही लावतात : चहा नाइस, चप्पल नाइस, सुट्टी नाइस. सगळ्यांना लागू पडतो, म्हणून कोणाविषयीच काही सांगत नाही. 'एक्स्क्विझिट'वरही हीच पाळी येत आहे. जाहिरातींत साडी, पडदे, मिठाईचे खोके आणि लग्नाचे सभागृह हे सारेच 'एक्स्क्विझिट' असते. मराठीत आपण 'अप्रतिम' या शब्दाचे असेच करतो. 'अप्रतिम' म्हणजे ज्याला तोड नाही ते. दिवसातून दहा गोष्टींना तोड नसेल, तर मग तोड नसण्याला अर्थ काय राहिला? म्हणून स्तुतीचा शब्द हाती घेताना स्वतःला एक प्रश्न विचारावा : यात शोधून आणलेले असे काय आहे? उत्तर सापडले तर तो शब्द वापरावा. नाही सापडले तर 'चांगले' हा साधा शब्द पुष्कळ आहे.

उर्दूत तुम्हांला 'तालिबे-इल्म' म्हणतात. 'तालिब' म्हणजे मागणारा, शोधणारा. मराठीत तुम्हांला 'विद्यार्थी' म्हणतात. 'अर्थी' म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. दोन्ही भाषांनी तुमचे नाव ठेवताना तुमच्याजवळ किती ज्ञान आहे ते विचारले नाही. तुम्ही ते शोधता की नाही, एवढेच पाहिले. वर्गात हात वर करून विचारलेला प्रश्न आणि बिदरच्या सुरईवरची चांदीची वेल ही एकाच मुळाची फळे आहेत, हे आता तुम्हांला ठाऊक झाले आहे. तेव्हा नवा शब्द भेटला की पहिल्या अर्थावर थांबू नका. पान उलटा, पुढचे अर्थ वाचा, वाक्यात लावून पाहा आणि तरीही शंका उरली तर विचारा.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एक्स्क्विझिट' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(आ) 'एन्क्वायरी'ला मराठीत आणि उर्दूत काय म्हणतात?
(इ) बिदरी काम करणारे कारागीर माती कशी ओळखतात?
(ई) 'तनाफुस' या शब्दाचा अर्थ काय?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गोल घुमट 'भव्य' आणि इब्राहिम रोजाची जाळी 'एक्स्क्विझिट', असे लेखक का म्हणतो?
(आ) 'शोधून आणलेला' याचा अर्थ 'उत्तम' असा कसा झाला?
(इ) शब्दाचा अर्धवट अर्थ सांगणे धोक्याचे का असते?

3. कंसातील योग्य विशेषण निवडून रिकाम्या जागा भरा.
(तलम, तीव्र, सुबक, चोखंदळ, उत्कट)
(अ) सुताराने पेटीला ........ कड्या बसवल्या.
(आ) दाढदुखीची वेदना फार ........ होती.
(इ) ईदसाठी अब्बांनी ........ कापडाचा कुर्ता शिवून घेतला.
(ई) पुस्तकांच्या बाबतीत आमच्या आपा मोठ्या ........ आहेत.
(उ) हजहून परतलेल्या आजोबांना पाहून सर्वांना ........ आनंद झाला.

4. उपक्रम : मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे असलेले, पण अर्थ थोडा बदललेले पाच शब्द शोधा. प्रत्येक शब्द दोन्ही भाषांतील वाक्यांत वापरून वर्गात वाचून दाखवा.